यकृतातल्या गाठी आणि पाच गुणांचा हिशेब

मोठ्या आतड्यातून निघणारे रक्त थेट हृदयाकडे जात नाही. आतड्याच्या भिंतीतल्या बारीक शिरा एकमेकींना मिळत जातात, त्यांची एक जाड नीला होते आणि ती यकृतात शिरते. मोर्णेचे पाणी पूर्णेत आणि पूर्णेचे तापीत जावे तसा हा उतार ठरलेला आहे. या उतारावरचा पहिला बंधारा म्हणजे यकृत. आतड्याच्या कर्करोगातून सुटलेल्या पेशी रक्ताबरोबर वाहत निघाल्या की पहिल्यांदा इथेच अडकतात. गुदाशयाच्या अगदी खालच्या भागातले रक्त मात्र दुसऱ्या वाटेने जाते, म्हणून तिथल्या रोगाच्या गाठी कधीकधी यकृताला वगळून आधी फुप्फुसात दिसतात. मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेल्यांपैकी सुमारे पाव ते एक तृतीयांश रुग्णांना, निदानाच्या वेळी किंवा पुढे कधीतरी, यकृतात गाठी होतात.

कर्करोग मूळ जागा सोडून दुसऱ्या अवयवात गेला की त्याला चौथा टप्पा म्हणतात. गावाकडे त्यासाठी ‘पसरला’ हा एकच शब्द पुरतो, आणि तो कानावर पडला की घरचे लोक पुढचे काही विचारीत नाहीत. या रोगात मात्र तो शब्द पुरेसा नाही. गाठी फक्त यकृतात असतील आणि काढता येण्याजोग्या असतील, तर चौथ्या टप्प्यातला हा रुग्ण कायमचा बरा होऊ शकतो. याचे कारण अवयवाच्या स्वभावात आहे. निरोगी यकृताचा पाव ते तीस टक्के भाग आपल्या रक्तवाहिन्या आणि पित्तनलिकेसह शिल्लक राहिला तरी शरीराचे काम भागते, आणि उरलेला भाग काही आठवड्यांत वाढून पोकळी भरून काढतो. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद क्विनो यांनी १९५० च्या दशकात यकृताचे आठ स्वतंत्र खंड दाखवून दिले. त्यानंतर एकेक खंड वेगळा काढण्याची वाट मोकळी झाली.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयाने अशी शस्त्रक्रिया झालेल्या आणि किमान दहा वर्षे उलटून गेलेल्या ६१२ सलग रुग्णांचा हिशेब २००७ मध्ये मांडला. त्यांतले १०२ जण दहा वर्षांनंतरही हयात होते, म्हणजे सहांत एक. दहा वर्षे ओलांडलेल्यांना पुन्हा तो रोग जवळजवळ झालाच नाही. सहांत एक हा आकडा कोणाला थोडा वाटेल. पण ‘पसरला’ म्हणून घरी नेऊन ठेवलेल्या माणसासाठी तो फार मोठा आहे. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो: सहांतला तो एक कोण, हे आधी ओळखता येईल का?

ओळखण्याचा पहिला प्रयत्न नकाराच्या रूपात झाला. १९८६ मध्ये स्वीडनमधल्या शल्यविशारदांनी आपल्या रुग्णांच्या अनुभवावरून निष्कर्ष काढला की यकृतात चार किंवा अधिक गाठी असतील, यकृताबाहेर रोग असेल किंवा गाठीभोवती एक सेंटिमीटर निरोगी कडा राखता येत नसेल, तर शस्त्रक्रिया करू नये. हा नियम पुढे बरीच वर्षे जगभर भिंतीसारखा उभा राहिला. चार गाठींच्या रुग्णावर शस्त्रक्रिया होत नसे, त्यामुळे तो वाचत नसे, आणि तो वाचत नाही हाच नियमाचा पुरावा ठरे. भाकीत आणि निर्णय असे एकमेकांत गुंतले की भाकीत स्वतःला खरे करून दाखवते. धाडसी हातांनी भिंत ओलांडून पाहिली, तेव्हाच पाच-सहा गाठींचे रुग्णही वर्षानुवर्षे जगतात हे कळले. आज गाठींची संख्या हा नकाराचा निकष राहिलेला नाही. काढून झाल्यावर पुरेसे आणि निकोप यकृत उरेल का, एवढाच प्रश्न उरला आहे.

आज सर्वांत जास्त वापरात असलेला हिशेब १९९९ चा आहे. युमान फाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच न्यूयॉर्कच्या रुग्णालयात १९८५ ते १९९८ या काळात शस्त्रक्रिया झालेल्या १,००१ रुग्णांवरून तो बसवला. त्यात पाच प्रश्न आहेत. मूळ गाठ काढली तेव्हा लसिका ग्रंथींत रोग होता का? मूळ शस्त्रक्रिया आणि यकृतातली गाठ यांच्यात बारा महिन्यांपेक्षा कमी अंतर होते का? यकृतात एकाहून अधिक गाठी आहेत का? सर्वांत मोठी गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी आहे का? रक्तातला सीईए हा घटक २०० च्या वर आहे का? प्रत्येक ‘होय’ला एक गुण. शाळेतल्या गुणांच्या उलट इथे शून्य सर्वांत चांगले. पाचही उत्तरे शस्त्रक्रियेआधी हाती येतात, खर्च फारसा नाही, आणि बेरीज बोटांवर होते. हा हिशेब इतका टिकला त्याचे निम्मे श्रेय या सोपेपणाला जाते.

एक काल्पनिक फाइल उघडून पाहिली तर या बेरजेत काय चालते ते दिसते. समजा, अकोट तालुक्यातला एकोणपन्नास वर्षांचा शेतकरी आहे. डाव्या बाजूच्या आतड्याची गाठ अकोल्यात काढली. चाचणीला पाठवलेल्या चौदा लसिका ग्रंथींपैकी दोनांत रोग निघाला. सहा महिने केमो झाली. दहाव्या महिन्यात सीईए ३८ आला म्हणून सीटी स्कॅन केले, तर यकृताच्या उजव्या भागात दोन गाठी दिसल्या, एक ४.२ सेंटिमीटरची आणि दुसरी २ सेंटिमीटरची. ग्रंथींचा एक गुण, बारा महिन्यांच्या आतला एक, एकाहून अधिक गाठींचा एक. आकाराचा आणि सीईएचा शून्य. बेरीज तीन. फाँग यांच्या तक्त्यात तीन गुणांच्या गटातले २० टक्के रुग्ण पाच वर्षे जगले.

आता याच माणसाने दहाव्या महिन्यातला स्कॅन पुढे ढकलला असे धरू. कापूस वेचणीला आला होता, मजूर मिळत नव्हते, ‘दिवाळी होऊन जाऊ द्या’ असे म्हणून तो तेराव्या महिन्यात आला. गाठी त्याच आहेत, थोड्या वाढल्या असतील, पण अजून पाच सेंटिमीटरच्या आतच. अंतर मात्र आता बारा महिन्यांच्या पुढे गेले. बेरीज दोन, आणि दोन गुणांच्या गटाचा आकडा आहे ४० टक्के. उशीर केला म्हणून जगण्याची शक्यता कागदावर दुप्पट झाली! उलटही होते. मुंबईच्या चांगल्या एमआरआयवर एकच गाठ आणि तिच्याशेजारी आठ मिलिमीटरचा ठिपका दिसला, तर ‘एकाहून अधिक’चा गुण चढतो. गावाजवळच्या जुन्या यंत्रावर तो ठिपका दिसलाच नसता. म्हणजे जितके बारकाईने पाहावे तितका गुण वाईट. गुणांची ही बेरीज रोग मोजते, आणि त्याच्याबरोबर रोग कोणी, केव्हा आणि कशाने पाहिला हेही नकळत मोजते. रुग्णाच्या नातेवाइकांना तर हे ठाऊक नसतेच, पण तक्ता समोर धरणाऱ्यांपैकीही अनेकांना ते सहसा आठवत नाही.

तक्त्याकडे आणखी जवळून पाहिले तर दुसरी गोष्ट दिसते. शून्य गुणांच्या गटाचे पाच वर्षांचे जगणे ६० टक्के, एकचे ४४, दोनचे ४०, तीनचे २०, चारचे २५ आणि पाचचे १४. चार गुणांचा गट तीन गुणांच्या गटापेक्षा बरा निघाला. याचा अर्थ एक वाईट लक्षण वाढल्याने प्रकृती सुधारते असा कोणी करणार नाही. अर्थ इतकाच की छोट्या गटांतले आकडे हलतात. तीन गुणांचे २४३ रुग्ण होते, चारचे ८०, आणि पाचचे अवघे १४. चौदा जणांत एक माणूस इकडचा तिकडे झाला तर टक्केवारी सातने बदलते. वर्गाच्या परीक्षेत चौदा पोरे असतील आणि त्यांच्यावरून जिल्ह्याचा निकाल वर्तवायचा असेल, तर कोणताही मास्तर जरा थांबेल. वैद्यकात मात्र छापील तक्त्यातला आकडा तसाच पुढे पुढे जात राहतो.

असा हिशेब कितपत खरा आहे, हे तपासायच्या दोन रीती आहेत आणि त्या वेगळ्या ठेवायला हव्यात. पहिली रीत भेदाची. कोणतेही दोन रुग्ण घ्यावेत आणि दोघांपैकी आधी कोण जाईल हे गुणांवरून सांगावे. नाणे उडवले तरी दहापैकी पाच वेळा बरोबर येईल. दुसऱ्या रुग्णालयांतल्या रुग्णांवर तपासले तेव्हा फाँग यांचे गुण आणि त्यांच्यासारखे इतर हिशेब साधारण दहापैकी सहा वेळा बरोबर आले. नाण्यापेक्षा बरे, पण फार बरे नाही. दुसरी रीत मेळाची. ज्यांना ४० टक्के सांगितले त्यांपैकी खरोखर सुमारे ४० टक्के जगले का? गट म्हणून मेळ बसू शकतो, तरी एकेका रुग्णाबद्दल हिशेब जवळजवळ मुकाच राहू शकतो.

वऱ्हाडात भाकिताची एक जुनी रीत आहे. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात, भोवती अठरा प्रकारची धान्ये ठेवतात आणि दुसऱ्या पहाटे त्यांत काय बदल झाला यावरून पीकपाणी सांगतात. पाऊस कमी की जास्त, तूर येईल की जाईल, अशी तिथली भाषा निकालाची असते. हवामान खात्याची भाषा वेगळी आहे. ते दीर्घकालीन सरासरीच्या इतके टक्के आणि त्यात इतकी चूक, असे सांगते. फाँग यांचा तक्ता हवामान खात्याच्या जातीचा आहे, पण दवाखान्याच्या खोलीत तो भेंडवळच्या मांडणीसारखा ऐकला जातो. ‘बाबा वाचतीन ना, साहेब?’ या प्रश्नाला ‘वीस टक्के’ हे उत्तर मिळाले की ऐकणाऱ्याच्या कानात ‘नाही’ एवढेच शिरते. चूक ऐकणाऱ्याची नाही. टक्केवारी गटाची असते आणि विचारणारा एका माणसाबद्दल विचारत असतो.

१९९९ नंतर हिशेब सुधारण्याचे बरेच प्रयत्न झाले. फ्रान्समध्ये बर्नार नॉर्डलिंगर यांनी त्याआधीच, १९९६ मध्ये, १,५६८ रुग्णांवरून आपला हिशेब मांडला होता. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकहून २००८ मध्ये आणखी एक आला. यांतल्या बहुतेकांचा दोष एकच, उंबरठ्याचा. ४.९ सेंटिमीटरची गाठ आणि ५.१ ची गाठ यांत निसर्गाला फरक नाही, पण तक्त्यात एका गुणाचा फरक पडतो. सीईएचेही तेच. फाँग यांचा उंबरठा २००, नंतरच्या एका हिशेबाचा २०, यकृत प्रत्यारोपणाच्या नॉर्वेतल्या हिशेबाचा ८०. अकोटच्या त्या माणसाचा ३८ एका तक्त्यात निर्दोष आणि दुसऱ्यात दोषी ठरतो. २०१८ मध्ये आलेल्या ‘गाठींच्या भारा’च्या हिशेबाने यावर शाळेतला पायथागोरस वापरला. सर्वांत मोठ्या गाठीच्या व्यासाचा वर्ग आणि गाठींच्या संख्येचा वर्ग यांची बेरीज करायची आणि तिचे वर्गमूळ काढायचे. अकोटच्या फाइलीत ते सुमारे ४.६५ येते. तीनच्या आत हलका भार, नऊच्या पुढे जड, म्हणजे हा मधला. तिसरी आणि चौथी गाठ यांच्यात भिंत उभी राहत नाही, ही या रीतीची खरी सुधारणा. अर्थात तीन आणि नऊ हे नवे उंबरठे आलेच.

दुसरी सुधारणा रोगाच्या स्वभावाची. गाठ किती मोठी यापेक्षा ती कशी वागते हे महत्त्वाचे. गाठीच्या पेशींत आरएएस जनुकांत बदल असेल तर शस्त्रक्रियेनंतर रोग परतण्याची शक्यता वाढते. बीआरएएफ जनुकातला एक ठरावीक बदल त्याहूनही वाईट, पण तो असलेले रुग्ण शस्त्रक्रियेपर्यंत क्वचितच पोहोचतात. वागणुकीची सर्वांत साधी परीक्षा मात्र केमोच घेते. पॅरिसजवळच्या पोल ब्रूस रुग्णालयातल्या रेने आदाम यांनी २००४ मध्ये चार किंवा अधिक गाठी असलेल्या १३१ रुग्णांचा अनुभव मांडला. शस्त्रक्रियेआधीच्या केमोने गाठी आकसल्या त्यांचे पाच वर्षांचे जगणे ३७ टक्के, जशाच्या तशा राहिल्या त्यांचे ३०, आणि केमो चालू असतानाच वाढल्या त्यांचे अवघे ८. तीन महिने औषध देऊन वाट पाहणे हे इथे उपचार आणि चाचणी दोन्ही ठरते. तिला जनुकांची प्रयोगशाळा लागत नाही, आणि अकोल्यात केमो मिळते. वऱ्हाडातल्या रुग्णासाठी पाच गुणांच्या तक्त्यापेक्षा ही परीक्षा अधिक कामाची आहे. एक सावधगिरी मात्र हवी: केमोने गाठ स्कॅनवरून पुसली गेली म्हणजे ती गेली असे नव्हे. २००६ च्या एका फ्रेंच अभ्यासात स्कॅनवर दिसेनाशा झालेल्या ६६ गाठींपैकी ५५ ठिकाणी रोग शिल्लक तरी होता किंवा पुढे परतला. म्हणून फार काळ केमो देत राहणे आणि गाठी नाहीशा व्हायची वाट पाहणे शल्यविशारदाला गैरसोयीचेच असते. काढायचे काय, हेच मग दिसत नाही. शिवाय लांबलेल्या केमोने उरणारे यकृतही थकते.

आपण नेमके कशाचे भाकीत करतो आहोत, हेही स्पष्ट हवे. रोग न परतता जगणे आणि नुसते जगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जपानमधल्या एका चाचणीने हे ठळकपणे दाखवले. यकृतातली गाठ काढल्यानंतर एका गटाला केमो दिली, दुसऱ्याला दिली नाही. २०२१ मध्ये निकाल आला तेव्हा केमोच्या गटात रोग परतण्याचे प्रमाण कमी होते. पण पाच वर्षांनी जिवंत असलेले केमोच्या गटात ७१ टक्के आणि बिनकेमोच्या गटात ८३ टक्के होते. रोग परतला तरी दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया होते, पुन्हा केमो देता येते, आणि शस्त्रक्रियेनंतर निम्म्याहून अधिक जणांना तशी वेळ येतेच. म्हणून ‘रोग परत येईल’ हे भाकीत ‘माणूस जाईल’ असे वाचले तर चूक होते. केमो देण्याचा निर्णय नुसत्या गुणांवरून घेतला तरीही तीच चूक होते. शस्त्रक्रियेनंतर रक्तात गाठीच्या डीएनएचे तुकडे तरंगताना सापडतात का, ही नवी चाचणी इथे उपयोगी ठरते आहे. ती गटाचे न सांगता त्या माणसाच्या शरीरात काही उरले आहे का, ते सांगते.

या सगळ्या हिशेबांत एक प्रश्न कधीच नसतो: यकृताची शस्त्रक्रिया करणाऱ्या माणसाने ही फाइल पाहिली का? २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात, केवळ आराम पडावा म्हणून केमोवर ठेवलेल्या आणि रोग यकृतापुरताच असलेल्या रुग्णांचे स्कॅन यकृत-शल्यविशारदांना दाखवले, तेव्हा निम्म्याहून अधिक रुग्णांच्या गाठी काढता येण्याजोग्या ठरल्या. ब्रिटनमध्ये हे घडले, जिथे मोफत आरोग्यसेवा आहे आणि अंतरे छोटी आहेत. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय आहे, संत तुकाराम रुग्णालय आहे, अमरावतीत विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे. तरी यकृताचा मोठा भाग काढायचा म्हटले की वाट बहुधा अडीचशे किलोमीटरवरच्या नागपूरची, नाहीतर मुंबई-पुण्याची असते. संध्याकाळी अंबा एक्स्प्रेस धरायची, सकाळी मुंबईत उतरायचे, परळला टाटा रुग्णालयात नंबर लावायचा. राहायला दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा असते. शेंडगावचा, म्हणजे वऱ्हाडचाच, हा संत. आणि त्यांच्या नावाच्या छपराखाली टाटाचे रुग्ण महिनोन्‌महिने राहतात. ही वाट चालून जाणारा आणि ‘पसरला’ हा शब्द ऐकून घरी परतणारा, या दोघांच्या जगण्यात पडणारा फरक तीन गुण आणि दोन गुण यांच्यातल्या फरकापेक्षा मोठा आहे. टाटाच्या पुढाकाराने २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमुळे दुरून तज्ज्ञांचे मत मागवता येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचारांचा काही भार हलका होतो. हिशेबाचा पहिला प्रश्न ‘गाठी किती’ हा नसून ‘स्कॅन कोणाला दाखवला’ हा असायला हवा.

न्यूयॉर्कचे आकडे इथे लागू करताना आणखी एक अडचण येते. टाटा रुग्णालयाने २०१७ मध्ये आपल्या ८०० आतड्याच्या रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांचे सरासरी वय सुमारे ४७ होते. पश्चिमेत हा रोग सहसा साठी-सत्तरीत होतो. अंगठीसारख्या दिसणाऱ्या पेशींचा आक्रमक प्रकार या ८०० मध्ये सुमारे १३ टक्के होता. पश्चिमेत तो विरळा. त्यात फाँग यांचे रुग्ण १९९८ पर्यंतचे, म्हणजे आजची मुख्य केमो औषधे रुळण्याच्या आधीचे. दुसऱ्या काळातल्या, दुसऱ्या वयाच्या आणि वेगळ्या जातीच्या गाठींवर बसवलेला हिशेब वऱ्हाडात जसाच्या तसा उतरेल असे मानायला काही आधार नाही. तो इथल्या रुग्णांवर तपासायला हवा. आणि तपासायचा तर शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकाचे पुढे काय झाले हे कळायला हवे.

खरी गाठ इथे आहे. जगण्याचे आलेख १९५८ पासून एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर यांच्या रीतीने काढले जातात. आलेख पायरीपायरीने खाली उतरतो. प्रत्येक पायरी म्हणजे मृत्यू. मध्येच आडव्या रेषेवर छोट्या उभ्या खुणा असतात. ती खूण म्हणजे असा माणूस, जो शेवटी अमुक तारखेला जिवंत दिसला आणि नंतर आलाच नाही. गणित त्याला मेलेला धरत नाही. त्या तारखेपुढे तो गणतीतून उठतो, आणि उरलेल्यांसारखेच त्याचे पुढचे नशीब असेल असे मानले जाते. हे मानणे खरे ठरते तेव्हाच, जेव्हा न येण्याचे कारण रोगाशी संबंधित नसते. अकोट-तेल्हाऱ्याचा माणूस दीड वर्षाने मुंबईला जाणे थांबवतो, ते बहुधा दोन कारणांनी. एक तर तो ठणठणीत असतो आणि पुन्हा गाडीभाड्यावर, मुक्कामावर खर्च करायला घर तयार नसते. नाहीतर तो इतका खंगलेला असतो की रेल्वेत बसवता येत नाही. पहिला प्रकार जास्त असेल तर आलेख वास्तवापेक्षा वाईट दिसतो, दुसरा जास्त असेल तर चांगला. मृत्यूचा दाखला गावच्या ग्रामपंचायतीत निघतो आणि मुंबईतल्या फाइलीत ती छोटी उभी खूणच राहते.

महाराष्ट्रात याचे उत्तर एका ठिकाणी फार आधी शोधले गेले. १९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या ३४६ गावांत तिचे कार्यकर्ते फिरले. रुग्ण रुग्णालयात येण्याची वाट न पाहता ते घरी गेले आणि माणूस आहे की गेला हे दारातून विचारून आले. म्हणूनच जगण्याच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासांत बार्शीचे नाव मुंबईच्या बरोबरीने घेतले जाते. मुंबईची नोंदणी १९६३ पासूनची, नागपूरची १९८० पासूनची, पुढे वर्ध्यातही सुरू झाली. २०२० च्या राष्ट्रीय अहवालात देशातल्या २८ लोकसंख्याधारित नोंदण्यांचे आकडे आहेत. त्यांत अकोला नाही, अमरावती नाही. वऱ्हाडातल्या माणसाला जगण्याचा जो आकडा सांगितला जातो, त्यात वऱ्हाडातला माणूस मोजलेलाच नाही.

आकडा सांगायचा तर तो कसा सांगावा, याचीही एक रीत आहे. अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञ स्टीफन जे गुल्ड यांना १९८२ मध्ये एक दुर्मिळ कर्करोग झाला, ज्यात निम्मे रुग्ण आठ महिन्यांत जातात. त्यांनी लिहून दाखवले की आठ महिने हा मधला आकडा आहे, सीमा नाही, आणि उरलेल्या निम्म्यांची रांग खूप लांबपर्यंत जाते. ते स्वतः २००२ पर्यंत जगले. यकृतातल्या गाठींच्या रुग्णांची रांगही तशीच लांब आहे. शिवाय आकडा स्थिर नसतो. शस्त्रक्रियेनंतर रोग परततो तो बहुधा पहिल्या दोन वर्षांत. दोन वर्षे निरोगी गेलेल्या माणसाला शस्त्रक्रियेच्या दिवशीचा आकडा सांगत राहणे म्हणजे पेरणीचा अंदाज काढणीला सांगणे. उलट पाच वर्षांनी ‘सुटलो’ म्हणणेही लवकरचे आहे: न्यूयॉर्कच्या त्याच नोंदींत पाच वर्षे जगलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जण पुढे याच रोगाने गेले. म्हणून फॉलो-अप दहा वर्षांचा हवा. आणि गुणांचा सर्वांत निर्विवाद उपयोग तिथेच आहे. ज्याचे गुण जास्त, त्याचा स्कॅन आणि सीईए लवकर लवकर करायचा. शस्त्रक्रियेला नकार देण्यासाठी हे गुण वापरायला फाँग यांच्या तक्त्यातही आधार नाही. पाच गुणांच्या गटातलेही १४ टक्के पाच वर्षे जगले, आणि चांगली केमो नसलेल्या त्या काळात शस्त्रक्रियेवाचून तेवढे कोणीच जगत नव्हते.

एकाच ठिकाणी भाकिताला नकाराचा अधिकार द्यावा लागतो, आणि तो प्रश्न आता दारात आला आहे. गाठी काढताच येत नसतील तर अख्खे यकृत बदलावे का? २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्सच्या पुढाकारातल्या चाचणीत, निवडून घेतलेल्या ९४ रुग्णांत, प्रत्यारोपण आणि केमो ठरवलेल्या गटाचे पाच वर्षांचे जगणे सुमारे ५७ टक्के होते, तर नुसत्या केमोच्या गटाचे १३ टक्के. ही निवड कडक होती. ओस्लोच्या शल्यविशारदांचे चार प्रश्न त्यासाठी आधीपासून वापरात आहेत: मोठी गाठ साडेपाच सेंटिमीटरच्या वर आहे का, सीईए ८० च्या वर आहे का, केमो चालू असताना रोग वाढला का, मूळ शस्त्रक्रियेला दोन वर्षे झाली आहेत का. परदेशात हे प्रश्न मृत दात्याच्या यकृताच्या रांगेसाठी विचारले जातात. एकाला दिले तर दुसऱ्याला मिळत नाही, म्हणून तिथे भाकीत करणे भागच आहे. भारतात बहुतेक यकृते जिवंत दात्याची असतात. विदर्भातल्या मृत दात्यांच्या अवयवांचे वाटप नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रातून होते, पण घरातल्या मुलीने बापाला यकृताचा तुकडा द्यायचे ठरवले तर ती कोणाच्या रांगेत उभी नसते. तिथे चार प्रश्नांची उत्तरे बापाच्या पोटातल्या गाठींबद्दल असतात, आणि त्यांवरून घेतलेल्या निर्णयाची जोखीम निरोगी मुलगी उचलते. तिच्या बाजूचा धोका मोजणारा एकही प्रश्न त्या चारांत नाही.